हाड जुळतंच, हात सांभाळावा लागतो

झरी जामणी तालुक्यात लेकरांची हाडं हंगामाप्रमाणे मोडतात. वैशाखात आंबे, चार, टेंभरं उतरवताना झाडावरून पडून. श्रावण-भादव्यात ओल्या पांदणीत घसरून. पोळ्याच्या सुमारास चालत्या बंडीला मागून लोंबकळताना. हिवाळ्यात बोरीवरून. आणि बारा महिने, मोटारसायकलवर मागे बसलेल्या लेकराचा पाय चाकाच्या आऱ्यांत जाऊन. बहुतेक वेळा मोडतो तो हात, कारण पडताना मूल हातच पुढे टेकवतं.

मी अस्थिरोगाची डॉक्टर. माझं बरंचसं काम पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यातल्या मुलांवर झालं. इथली गावं आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, पैनगंगेच्या अलीकडच्या टेकड्यांत विखुरलेले आहेत. काही पोडांवरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच अर्धा दिवस जातो, आणि यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या आसपास. काही घरं नदी ओलांडून आदिलाबादला जाणं पसंत करतात. त्यामुळे इथे ‘हाड कसं मोडलं’ याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, की मोडल्यापासून डॉक्टरसमोर येईपर्यंतच्या तासांत त्या हातापायाला काय काय सोसावं लागलं. हे लिहिते आहे ते इथल्या आईबापांसाठी, आशाताईंसाठी, आश्रमशाळांच्या अधीक्षकांसाठी, आणि या भागात नव्याने रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी.

१. लेकराचं हाड जुळतंच

आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: “हाड जुळन ना जी?” जुळतं. लहान मुलाच्या हाडावर जाड, रक्ताने समृद्ध असं आवरण असतं. हाड मोडलं तरी हे आवरण बरेचदा एका बाजूने शाबूत राहतं आणि तिथूनच नवं हाड धरू लागतं. म्हणून मुलांची हाडं मोठ्यांसारखी काडकन तुटतीलच असं नाही. ओल्या फांदीसारखी एका अंगाने फाटतात आणि दुसऱ्या अंगाने नुसती वाकतात. मनगटाजवळ तर कधी फक्त चेपतात, आणि तीन आठवड्यांच्या साध्या पट्टीवर बरी होतात. नवजात बाळाची मांडी दोन-तीन आठवड्यांत धरते, पाच वर्षांच्या मुलाची सहा आठवड्यांच्या आसपास. मोठ्या माणसाला त्याच हाडासाठी तीन-चार महिने द्यावे लागतात. सुश्रुतानेही वयाचा असाच हिशेब मांडला आहे: लहानपणी एक महिना, मधल्या वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता सरळ होतं. सांध्याजवळचं हाड असेल, सांधा ज्या दिशेने हलतो त्याच दिशेचा बाक असेल, आणि वाढीची वर्षं शिल्लक असतील, तर सहा-सात वर्षांच्या पोराच्या मनगटाजवळचा पंधरा-वीस अंशांचा बाक वर्ष-दोन वर्षांत ओळखूही येत नाही. दंडाच्या हाडाची बहुतेक वाढ, जवळजवळ ऐंशी टक्के, खांद्याकडून होते. म्हणून खांद्याजवळ मोडलेलं हाड फोटोत कितीही भयंकर दिसलं तरी लहान मुलात ते सुधारतं. कोपराकडे वाढ थोडी, तिथे सुधारणाही थोडी. आणि हाडाला पडलेला पीळ मात्र कुठल्याही वयात पुरता सुटत नाही.

मग मला काळजी कशाची असते? रक्तपुरवठ्याची, रक्ताविना मरणाऱ्या स्नायूची, आणि हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेची. या तीन गोष्टी गेल्या तर लेकराचं वय त्या भरून देत नाही. पुढचं बरंचसं त्या तिन्हींबद्दल आहे.

२. आधी बोटं बघा, मग फोटो

मुलांच्या कोपराजवळच्या मोडींत सगळ्यात नेहमीची मोड कोपराच्या किंचित वर, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला असते. वय साधारण पाच ते सात. झाडावरून सरळ हातावर पडलं की हाडाचं वरचं टोक पुढे येतं, आणि नेमकं तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. एक्स-रे, ज्याला आपल्याकडे सगळे ‘फोटो’ म्हणतात, तो हाड दाखवतो. रक्त वाहतंय की नाही हे त्यात दिसत नाही. ते बोटांत दिसतं.

तळहात आणि नखं बघा, कारण सावळ्या कातडीवर फिकेपणा तिथेच लवकर कळतो. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. दुसऱ्या हाताशी ऊब ताडून पाहा. मनगटाची नाडी शोधा. हात पांढरा, गार आणि नाडी नसेल तर प्रश्न तासांचा आहे, उद्या सकाळचा नाही. हात गुलाबी आणि उबदार पण नाडी सापडत नाही, हाही धोकाच. अशा मुलाला रक्तवाहिनीचं ऑपरेशन होऊ शकेल अशाच ठिकाणी पाठवा, अधेमधे कुठे थांबवू नका.

मज्जातंतू तपासायला रडणाऱ्या पोराकडून व्यायाम करून घेता येत नाही. खेळ घेता येतो. दगड, कागद, कात्री कुठल्या मुलाला येत नाही? दगड, म्हणजे मूठ वळणं. कागद, म्हणजे मनगट आणि बोटं वर ताणून सपाट करणं. कात्री, म्हणजे दोन बोटं फाकवणं. तीन वेगळ्या मज्जातंतूंची कामं आहेत ही. चौथा डाव मी जोडते: अंगठा आणि पहिल्या बोटाची टोकं जुळवून गोल करायचा. या मोडीत सगळ्यात जास्त वेळा दुखावते ती हा गोल करणारी फांदी, आणि नुसत्या मूठ वळण्यात ती लपून राहते. गोल न होता बोटं चपटी चिकटली, तर तसं कागदावर लिहा, वेळ घालून लिहा. पुढच्या डॉक्टरला हे आधीचं आहे की ऑपरेशननंतरचं, हे त्या एका ओळीवरून कळतं. असे मज्जातंतू बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. आईला हेही सांगा, ती घाबरलेली असते.

सुजलेला कोपर पूर्ण वाकवून गळ्यात बांधणं हे या मोडीत सगळ्यात वाईट. रक्तवाहिनी दुमडते. कोपर थोडाच वाकलेला ठेवून, खालून आधार देऊन पाठवा. हाड फार सरकलं असेल तर भूल देऊन ते बसवतात आणि बाहेरून दोन-तीन बारीक तारा घालतात. तीन-चार आठवड्यांनी त्या तारा ओपीडीत काढल्या जातात.

३. रडणं थांबलं म्हणजे आराम पडला असं नाही

एका पोडावरून आणलेला मुलगा मला आठवतो. हात मोडल्या दिवशीच गावात बांबूच्या कामट्या लावून, वरून फडक्याने करकचून बांधलं होतं. सोबत आजी होती. ती म्हणाली, “दोन रात्री लय रडलं जी. मंग काल उगा राहिलं, आमाले वाटलं आराम पडला.” फडकं सोडलं तेव्हा बोटं सुजून काळपट निळी झालेली होती, आणि त्यांना स्पर्श कळत नव्हता. तो उगा राहिला, कारण दुखणं सांगणाऱ्या नसाच गप्प झाल्या होत्या. हाड त्याचं जुळलं. बोटं वाकडी राहिली ती राहिली.

असा हात का होतो, हे एकदा समजून घ्यावं. हातातले स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. मोडीनंतर आत सूज येते. बाहेरून घट्ट बांधलं तर सुजेला जागा राहत नाही, कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात. सहा तासांच्या आसपास रक्त मिळालं नाही की स्नायू मरायला लागतो. मेलेल्या स्नायूच्या जागी दोर तयार होतो, तो आखडतो आणि बोटं तळहाताकडे कायमची ओढली जातात.

दोष फक्त बांबूचा आहे असं समजू नका. १८५२ मध्ये अंतोनियस माथिसेन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणली, आणि जगभर हाडांवरचा उपचार सोपा झाला. १८८१ मध्ये जर्मनीच्या रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी घट्ट बंधनांनंतर आखडलेल्या अशाच हातांचं वर्णन लिहिलं, आणि आजही त्या अवस्थेला त्यांचंच नाव आहे. दवाखान्यातलं पांढरंशुभ्र प्लास्टरही हात मारू शकतं. सुश्रुताने तर फार आधी बजावलं होतं, की बंधन सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि गच्च असेल तर सूज, वेदना आणि पू. त्याने ऋतूप्रमाणे बंध सोडून पुन्हा बांधायला सांगितलं, थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. ज्या झाडांच्या साली त्याने कामट्यांसाठी सांगितल्या त्यांत मोह आणि पळस आहेत, जे इथल्या प्रत्येक पोडाच्या शिवारात उभे आहेत.

म्हणून ताज्या मोडीला पहिले काही दिवस मी पूर्ण गोल प्लास्टर घालत नाही. मागून अर्धी पाटी, भरपूर कापूस, वरून सैल पट्टी. इथे त्याला ‘कच्चं प्लास्टर’ म्हणतात. पक्कं नंतर, सूज उतरल्यावर. घरी पाठवताना आईच्या हाताने मुलाची बोटं हळूच सरळ करून दाखवते आणि सांगते: असं केल्यावर पोरगं किंचाळलं, दुखणं दर तासाला वाढत गेलं, गोळीने थांबेना, पोरगं उगाच तळमळायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सोडा. अर्धवट नाही, कातडी दिसेपर्यंत. हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि निघा. सुटलेलं प्लास्टर मी पुन्हा घालून देईन, त्यासाठी कुणी रागावणार नाही, हेही मोठ्याने सांगते. कारण पट्टी सोडली म्हणून डॉक्टर बोलतील या भीतीने लोक सकाळपर्यंत थांबतात.

४. हाडवैद्याला सोबत घ्या

तरुण डॉक्टर इथे आले की हाडवैद्यावर संतापतात. तो राग मला समजतो, पण पोडावर रात्री आठ वाजता मूल पडलं तर तिथे असलेला माणूस तोच असतो. तो पैसे मागत नाही, आईबापांची भाषा बोलतो, आणि मनगटाची, हासळीची साधी मोड त्याच्या हातूनही बरी होते, कारण ती कशीही बरी होणारच असते. त्यामुळे लोकांचा विश्वास खोटा नाही. फक्त कोपर, मांडी आणि जखम असलेली मोड या तीन ठिकाणी तो विश्वास महागात पडतो.

नायजेरिया आणि इथिओपियात हाच प्रश्न याहून मोठ्या प्रमाणात होता. घट्ट बांधलेले हात सडून कापावे लागत. तिथल्या शल्यचिकित्सकांनी हाडवैद्यांना बोलावून शिकवलं आणि सडलेल्या हातापायांचं प्रमाण कमी झालं. इथेही पोडाच्या नाइकाला मध्ये घेऊन बोललं तर ऐकलं जातं. चार गोष्टी पुरतात: कामटीखाली कापूस, बोटं उघडी, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडून बघायची, कोपर, मांडी आणि रक्त आलेली मोड हात न लावता पाठवायची. आपल्याकडे आलेलं मूल बरं होऊन परतलं की मी निरोप त्या हाडवैद्यालाही पाठवते. पुढच्या वेळी तो लवकर पाठवतो.

५. घरून निघताना

तुराट्यांची जुडी, घडी घातलेली वर्तमानपत्रं, खोक्याचा पुठ्ठा, यांतलं काहीही चालतं. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून, रुंद फडक्याने, सैलसर बांधा. सुतळी किंवा दोरी नको. पाय मोडला असेल तर दोन पायांमध्ये गोधडीची घडी ठेवून मोडका पाय चांगल्या पायाला बांधा. बांगडी, कडं, काळा दोरा, कमरेचा करदोडा आताच काढा, सूज चढल्यावर निघणार नाहीत. १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, आणि अॅम्ब्युलन्स पोडापर्यंत पोचणार नसली तरी डांबरी रस्त्यावर भेटते.

हाड कातडीबाहेर आलं असेल किंवा मोडीशेजारी जखम असेल तर हळद, शेण, तंबाखू, राख यांतलं काही लावू नका. स्वच्छ ओलं फडकं झाकून आणा. अशा मोडीत पहिल्या काही तासांत मिळालेलं प्रतिजैविक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांचं मोल ऑपरेशनइतकंच आहे.

आणि खाणं. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून जेवण-दूध सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवावं लागतं. लोक निघतात दुपारी, पोचतात संध्याकाळी, आणि आत येताच मी विचारते. “भुकेजलं होतं जी, बिस्किटं देल्ली.” मायेपोटी दिलेल्या त्या बिस्किटांमुळे ऑपरेशन मध्यरात्रीवर जातं. पाणी द्या. बिस्किटं, चहा, दूध नको.

दुखण्याची गोळी मात्र द्या. वजनाच्या दर किलोला पंधरा मिलिग्रॅम पॅरासिटामॉल प्राथमिक आरोग्य केंद्रात असतंच. मूल गप्प बसलंय म्हणजे दुखत नाही असं धरून त्याला गोळीशिवाय खडबडीत रस्त्यावर पाठवलं जातं, हे मला कधी सहन होत नाही.

६. कोपरातला छोटा तुकडा छोटा नसतो

कोपराच्या बाहेरच्या अंगाचा हाडाचा एक लहानसा तुकडा फोटोत सुटलेला दिसतो. चिमुकला. ‘थोडं चिरलंय’ म्हणून प्लास्टर घालून पाठवतात. या वयात त्या तुकड्याचा बराच भाग कूर्चेचा असतो, आणि कूर्चा फोटोत दिसत नाही. म्हणजे खरा तुकडा दिसतो त्याहून मोठा असतो, आणि त्यात सांध्याचा पृष्ठभाग आणि वाढीची जागा दोन्ही असतात. हाड जुळतंच असं वर म्हटलं, तरी मुलांची हाडं न जुळण्याची मोजकी ठिकाणं आहेत, आणि त्यांत हे पहिलं. दोन मिलिमीटरहून जास्त सरकला असेल तर तार घालून बसवावा लागतो.

नाही बसवला तर कोपर हळूहळू बाहेर वळतो. मूल तक्रार करत नाही. पंधरा-वीस वर्षांनी कोपराच्या आतल्या बाजूचा मज्जातंतू त्या वळणावर ताणला जातो आणि करंगळी व तिच्याशेजारचं बोट बधिर, दुबळं होत जातं. झरी, मुकुटबन, पाटण भागात हातावर पोट असलेल्या बाईला कापूस वेचताना प्रत्येक बोट लागतं. लहानपणी फोटोत चिमुकला दिसलेला तो तुकडा तिच्या रोजच्या मजुरीत दिसतो.

७. मांडीचं हाड आणि एका खोलीचं घर

मांडी मोडलेल्या मुलाचा उपचार वयावर ठरतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पट्ट्यांचा साधा हार्नेस पुरतो. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर. पाच ते अकराच्या आसपास हाडाच्या पोकळीत दोन लवचिक सळया, ज्या गुडघ्याच्या वरून, वाढीची कूर्चा टाळून घालतात. ही पद्धत १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या नॅन्सी शहरात रूढ झाली आणि त्यामुळे शाळकरी मुलांचं महिनोन्‌महिने खाटेवर वजन लावून पडून राहणं संपलं. लहान मुलात मोडीची टोकं सेंटीमीटरभर एकमेकांवर चढलेली राहिली तर घाबरू नका. मोडीनंतर तो पाय काही काळ जास्त वाढतो आणि ते अंतर भरून निघतं.

पण पुस्तकात नसलेला भाग घरचा आहे. कमरेपर्यंत प्लास्टर घातलेलं तीन वर्षांचं मूल, एक खोली, आणि रोजीने जाणारे आईबाप. प्लास्टरच्या शीच्या जागेच्या कडांना प्लास्टिकचा कागद चिकटवायला शिकवा, म्हणजे ओल आत जात नाही. लंगोट आत खोचायचा, बाहेरून गुंडाळायचा नाही. मूल दर दोन तासांनी पालथं-उताणं करायचं. मुंग्या लागू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे. आत खाजवायला काडी, फणी काही घालू द्यायचं नाही. कापसाखालची छोटी जखम वासानेच कळते. आणि आईची मजुरी सहा आठवडे बुडणार, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलते. काही घरांत आजी असते, काहींत नसते. जिथे नसते तिथे मूल थोडं मोठं असेल तर सळयांचा विचार लवकर करावा, कारण सळया घातलेलं मूल काही दिवसांत बसतं, सरकतं, आश्रमशाळेत परत जातं. उपचार निवडताना घर बघणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी मानते. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत आणायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा ऑपरेशनांची तरतूद आहे, पण कागद गावी राहिला म्हणून दोन दिवस फुकट जातात.

८. पडल्याचं कुणी पाहिलं नसेल तर रक्त तपासा

विदर्भातल्या डॉक्टरने हे विसरून चालणार नाही. १९५८ मध्येच नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. गोंड, कोलाम, परधान, आंध, आणि इतरही अनेक समाजांत तो आहे. सिकलसेलच्या मुलाचं हाड पडल्याशिवायही सुजतं, दुखतं. कधी त्यात रक्त अडकलेलं असतं, कधी पू झालेला असतो. घरचे म्हणतात, “कुठी तरी पडलं असन.” मूल पाय टेकत नाही, ताप आहे, सूज आहे, पण फोटोत मोड दिसत नाही. अशा पायावर प्लास्टर घातलं तर पू आत कोंडला जातो.

हिमोग्लोबिन आणि सिकलची चाचणी प्रत्येक मोठ्या मोडीत व्हायलाच हवी. मांडीच्या मोडीत बरंच रक्त हाडाभोवती जातं, आणि आधीच कमी रक्त असलेलं मूल ते सोसू शकत नाही. सिकल असेल तर ऑपरेशनच्या आधी सलाईन, अंगात ऊब, भूल देणाऱ्याला आगाऊ कल्पना, आणि रक्त थांबवायला हाताला बांधायचा पट्टा शक्यतो टाळणं. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेनंतर अनेक मुलांकडे रंगीत कार्ड आलं आहे. ते कार्ड मागा.

तसंच, दात बघा. या पट्ट्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. दातांवर तपकिरी पट्टे, गुडघे आत-बाहेर वाकलेले, किरकोळ पडण्याने मोडलेलं हाड, असं एकत्र दिसलं तर ते मूल कुठल्या बोअरचं पाणी पितं हे विचारा. फ्लोराइडचं हाड फोटोत जास्त पांढरं आणि मजबूत वाटतं, पण ते ठिसूळ असतं. एका मुलात असं सापडलं की त्या पाण्यावर वाढणारी बाकीची मुलंही असतात, म्हणून ही माहिती ग्रामपंचायतीपर्यंत गेली पाहिजे.

९. चालायला न लागलेल्या बाळाची मांडी

अजून उभंही न राहिलेल्या बाळाचं मांडीचं हाड आपोआप मोडत नाही. कुणाच्या हातून निसटलेलं असू शकतं, ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असू शकतो, मुडदूस असू शकतो, आणि मारही असू शकतो. आईला एकटीला, शांतपणे, दरवाजा लोटून विचारा. बाळाला भरती करून घ्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

१०. एका हाताने उचलू नका

बसमध्ये चढवताना, नाला ओलांडताना लहानग्याला एका मनगटाला धरून ओढलं, आणि त्यानंतर ते हात हलवेना. पडलेलं नाही, सूज नाही. कोपरातलं एक हाड आपल्या कड्यातून सरकलेलं असतं. जाणत्या डॉक्टरच्या हाताने ते क्षणात बसतं, प्लास्टर लागत नाही, आणि थोड्या वेळात मूल त्याच हाताने खाऊ मागतं. पाच वर्षांच्या आत हे पुन्हा होऊ शकतं. दोन्ही काखांत धरून उचला.

११. आठव्या दिवशी दुसरा फोटो

सूज उतरली की प्लास्टर आत सैल होतं आणि बसवलेलं हाड सरकू शकतं. हाताच्या दोन्ही हाडांच्या मोडीत हे विशेष. आठव्या दिवशी सापडलं तर सहज परत बसवता येतं. तीन आठवड्यांनी सापडलं तर हाड धरलेलं असतं. मात्र मोड वाढीच्या कूर्चेतून गेली असेल तर आठ-दहा दिवसांनंतर ओढाताण करून बसवायला जाऊ नये. त्या ओढण्यानेच कूर्चा चिरडते. उशिरा आलेल्या अशा मुलाला काही न करता थांबणं, आणि वाढीला तिचं काम करू देणं, हे तरुण सर्जनला सगळ्यात अवघड जातं. गावातल्या लोकांनाही. पण कित्येकदा तेच योग्य असतं.

१२. प्लास्टर निघाल्यावर चोळू नका

महिनाभर वाकलेला कोपर सरळ होत नाही, म्हणून घरी तेल लावून मालिश सुरू होतं, कुणी हाताला पाण्याची बादली लटकवतं. मुलाचा कोपर असा जबरदस्तीने सरळ होत नाही. जोर लावल्याने सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होतं आणि कोपर कायमचा अडकतो. मुलाला खेळू द्या, स्वतःच्या हाताने जेवू द्या, केस विंचरू द्या. कोपर दोन-तीन महिन्यांत, कधी त्याहून सावकाश, आपला आपण मोकळा होतो. फक्त हाताच्या दोन्ही हाडांच्या मोडीनंतर काही महिने झाड, सायकल आणि कबड्डी नको, कारण त्याच जागी पुन्हा मोडण्याचा धोका असतो. आश्रमशाळेच्या अधीक्षकांना हे चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी निरोप वसतिगृहापर्यंत पोचत नाही.

१३. वर्षभराने परत बोलवा

गुडघा आणि घोटा यांच्याजवळ कूर्चेतून गेलेली मोड सहा आठवड्यांत बरी झालेली दिसते. १९६३ मध्ये टोरोंटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी अशा मोडींची पाच प्रकारांत मांडणी केली ती यासाठीच, की कोणत्या मोडीत पुढे वाढ थांबू शकते हे आधी ओळखता यावं. मांडीच्या खालच्या टोकाची कूर्चा दुखावली तर धोका सगळ्यात जास्त, कारण पायाची सगळ्यात जास्त वाढ तिथेच होते. एका बाजूची वाढ थांबली आणि दुसरी चालू राहिली, तर गुडघा वाकडा होत जातो. पूर्ण थांबली तर पाय आखूड राहतो.

पाय दुखत नसेल तर कोण परत येणार? तारीख लिहिलेला कागद पहिल्या पावसातच जातो. म्हणून मी कापूसवेचणीच्या सणाचा हंगाम सांगते, “सीतादही झाली का घेऊन या, आन मंग पुढच्या सीतादहीले.” आशाताईच्या वहीतही तेच लिहिते. आल्यावर दोन्ही पायांची लांबी टेपने मोजते, दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघते, आणि दोन्ही पायांचा एकत्र फोटो काढते. बाक थोडा असताना सापडला तर चालू बाजूची वाढ रोखणारी छोटी पट्टी आणि दोन स्क्रू पुरतात, आणि मूल लवकरच चालत घरी जातं. वयात येऊन वाढ संपल्यावर सापडला तर हाड कापून सरळ करावं लागतं, आणि त्यासाठी यवतमाळ किंवा नागपूरची वाट धरावी लागते.